आज्जीला भेटून परत अमेरिकेत: डाकावर असताना केलेला ॲडव्हान्स परोलचा प्रवास

माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा नाही, ग्रीन कार्डही नाही. आहे ते फक्त डाका, म्हणजे लहानपणी इथे आणलेल्या मुलांना मिळालेली तात्पुरती सवलत. तरी २०२४ च्या फेब्रुवारीत ॲडव्हान्स परोलवर, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी काढून, मी न्यू जर्सीहून इचलकरंजीला गेले, आजारी आज्जीजवळ राहिले आणि परत आले. कायद्यात बसून असं जाता येतं हे आमच्या घरात कित्येक वर्षं कुणाला माहीत नव्हतं, आणि मराठीत त्याबद्दल मला कुठे काही वाचायला मिळालं नाही. आता ओळखीतून ओळखीतून फोन येतात, बहुतेक रात्री उशिरा आणि दबक्या आवाजात. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं क्रमाने लिहून ठेवते. मी वकील नाही, तेव्हा यातलं काहीही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. आणि प्रवास २०२४ चा आहे हे लक्षात ठेवा. त्यानंतर परिस्थिती बरीच बदलली, तेही पुढे येईलच.

आम्ही २००६ च्या मे महिन्यात इथे आलो. मी बारा वर्षांची होते, सहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. बाबांचे यंत्रमाग कर्जात गेले होते आणि इथल्या एका लांबच्या नातेवाइकाने त्यांना दुकानात काम देतो म्हणून बोलावलं होतं. टुरिस्ट व्हिसावर सहा महिने राहायला मिळाले. ते संपले आणि आम्ही परत गेलो नाही. इथल्या भाषेत आमचं स्टेटस, म्हणजे इथे राहायचा कायदेशीर हक्क, गेलं. त्याबद्दल आई-बाबांना बोल लावणारे लोक मला भेटले आहेत. मी लावत नाही. इचलकरंजीत त्या वर्षी आमच्या दारात कोण कोण येऊन बसायचं हे मला आठवतं.

मला हे सगळं सोळाव्या वर्षी कळलं. वर्गातली मुलं गाडीचं लायसन काढायला लागली, मी घरी विषय काढला, तेव्हा बाबांनी समोर बसवून सांगितलं. धाकटा भाऊ २००८ मध्ये इथेच जन्मला, म्हणजे तो जन्माने अमेरिकन नागरिक. एका घरात चार माणसं आणि कायद्यापुढे आमचे दोन वेगळे वर्ग. गणपतीत आम्ही मराठी मंडळात जायचो. तिथली बहुतेक घरं नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर आलेली, त्यामुळे "तुमचं ग्रीन कार्ड कुठवर आलं?" हा प्रश्न हमखास यायचा. आई "चाललंय" म्हणायची आणि पानं वाढायला उठायची.

१५ जून २०१२ ला, शुक्रवारी, ओबामा सरकारने डाका जाहीर केलं. बाहेरून बघणाऱ्यांचा इथे गोंधळ होतो. डाका म्हणजे नागरिकत्व नाही, ग्रीन कार्ड नाही, ते 'स्टेटस'सुद्धा नाही. लहानपणी इथे आणलेल्या मुलांवर हद्दपारीची कारवाई दोन वर्षांसाठी लांबणीवर टाकायची आणि त्या काळात काम करायचा परवाना द्यायचा, एवढंच. अटी ठरलेल्या होत्या. सोळा वर्षं पूर्ण व्हायच्या आत आलेलं असणं, १५ जून २००७ पासून सलग इथे राहणं, १५ जून २०१२ ला वय ३१ च्या आत, त्या दिवशी देशात हजर आणि त्या दिवशी कायदेशीर स्टेटस नसलेलं, शाळेत असणं किंवा शाळा पूर्ण केलेली, आणि गंभीर गुन्ह्याची नोंद नसणं. त्या दिवशी स्टेटस नसलेलं, या अटीमुळे मंडळातली एच-फोरवरची, म्हणजे एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरची, कितीतरी मुलं यातून बाहेर राहिली. त्यांच्या आईवडिलांचं ग्रीन कार्ड वर्षानुवर्षं अडकलेलं, आणि एकवीस पूर्ण झाली की ही मुलं आईवडिलांच्या व्हिसावरून सुटतात. त्यांचं दुःख वेगळं, पण मुळाशी गोष्ट तीच आहे.

अर्ज १५ ऑगस्टपासून घ्यायला लागले. फी ४६५ डॉलर. बाबांना पैशांची चिंता नव्हती, त्यांना घराचा पत्ता स्वतःच्या हाताने सरकारला लिहून देण्याची भीती होती. अर्ज भरून काही आठवडे टेबलावरच पडून होता. शेवटी आई म्हणाली, "पोरीचं आयुष्य लपण्यात जायला नको," आणि तो पोस्टात गेला. पुरावा म्हणून शाळेचे निकाल, लसीकरणाचं कार्ड, दंतवैद्याची बिलं जोडली. १५ जूनला मी देशात होते हे दाखवायला शाळेचा हजेरीपट कामाला आला, सुट्टी लागायला अजून काही दिवस होते. जानेवारी २०१३ मध्ये मंजुरी आली, मग कामाचं कार्ड, मग सोशल सिक्युरिटी नंबर. कम्युनिटी कॉलेज, मग चार वर्षांची डिग्री, मग एका छोट्या ऑफिसात हिशेबाची नोकरी. केंद्र सरकारची शैक्षणिक मदत डाकावाल्यांना मिळत नाही. पण न्यू जर्सीने डिसेंबर २०१३ मध्ये कायदा करून आमच्यासारख्यांना राज्यातल्या विद्यार्थ्यांच्या दराने फी लावली, म्हणून डिग्री झाली.

यानंतरची वर्षं मी तारखांवरच मोजते. ५ सप्टेंबर २०१७ ला ट्रम्प सरकारने डाका गुंडाळायची घोषणा केली. ज्यांची मुदत ५ मार्च २०१८ पर्यंत संपत होती त्यांनी ५ ऑक्टोबरच्या आत शेवटचं नूतनीकरण करून घ्यायचं होतं. माझी मुदत जानेवारी २०१९ पर्यंत होती, म्हणजे मी रेषेच्या पलीकडे. मैत्रिणी अर्जांची धावपळ करत होत्या आणि मला करण्यासारखं काहीच नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने ती घोषणा अडवली, नूतनीकरण पुन्हा सुरू झालं आणि मी त्याच वर्षी घाईने करून घेतलं. घाईचा तोटाही असतो. नवी दोन वर्षं जुनी मुदत संपल्यावर सुरू होत नाहीत, मंजुरीच्या तारखेपासून सुरू होतात, म्हणजे उरलेले महिने बुडतात. तरीही मी घाईच करीन. डाकाच्या कार्डाला आपोआप मुदतवाढ मिळत नाही, त्यामुळे जुनं संपून नवं हातात नसेल तर त्या दिवसापासून नोकरीवर जाता येत नाही.

१८ जून २०२० ला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार असा निकाल दिला की डाका ज्या पद्धतीने रद्द केलं ती पद्धत मनमानी होती. आम्ही घरी शिरा केला. २८ जुलैला नवा आदेश निघाला, नवे अर्ज घ्यायचे नाहीत आणि नूतनीकरण दोनाऐवजी एकाच वर्षाचं. माझं कार्ड ऑगस्टमध्ये आलं ते वर्षाचंच. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी तेही फिरवलं आणि ते वर्ष पुन्हा दोन वर्षांचं झालं. मग १६ जुलै २०२१ ला टेक्सासमधले न्यायाधीश हॅनन यांनी डाकाच बेकायदेशीर ठरवलं. तेव्हापासून जुन्यांचं नूतनीकरण चालू आहे, पण नव्या मुलांचे अर्ज घेतले तरी त्यावर निर्णय होत नाही. माझ्या भावाच्या वर्गातली, मी आले तेवढ्याच वयात आलेली मुलं तर २००७ च्या अटीतच बसत नाहीत, ती आज माझ्याहून जास्त उघड्यावर आहेत.

आता मूळ गोष्टीकडे येते. २०२३ च्या उन्हाळ्यात आत्याचा फोन आला. आज्जीची मूत्रपिंडं निकामी होत आली होती, आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिस. बाबा एकुलते एक मुलगा. ते गेले असते तर कायद्याने दहा वर्षं परत येता आलं नसतं, कारण एक वर्षाहून जास्त काळ स्टेटसशिवाय राहून देश सोडला की दहा वर्षांची बंदी लागते. भाऊ तेव्हा पंधरा वर्षांचा. बाबा रात्री व्हरांड्यात बसून राहायचे. आई त्यांना काही विचारायची नाही.

ॲडव्हान्स परोलबद्दल मला ऑफिसातल्या एका मेक्सिकन मैत्रिणीने सांगितलं, तीही डाकावरच. डाकावाल्यांत सुमारे ८० टक्के मेक्सिकोचे, त्यामुळे त्यांच्यात ही माहिती घरोघरी असते आणि आपल्याकडे नसते. डाका असलेल्या माणसाला आधी परवानगी काढून देशाबाहेर जाऊन परत येता येतं, पण कारण तीनपैकी एक लागतं. मानवतेचं, म्हणजे जवळच्या नातेवाइकाचं आजारपण किंवा मृत्यू, नाहीतर शिक्षण, नाहीतर नोकरीचं काम. सुट्टी किंवा नुसतीच भेट हे कारण चालत नाही.

मैत्रिणीनेच वकील सुचवला. पहिल्या भेटीचे १५० डॉलर, पुढे सगळ्या कामाचे १,२०० डॉलर. परवडत नसेल तर न्याय खात्याने मान्यता दिलेले प्रतिनिधी काही सेवाभावी संस्थांत असतात, ते कमी पैशात करतात. "सगळं करून देतो" म्हणून फॉर्म भरणाऱ्या एजंटाकडे मात्र जाऊ नका. वकिलाने आधी तीन गोष्टी तपासल्या. माझ्याविरुद्ध कधी हद्दपारीचा हुकूम निघाला आहे का, पोलिसांत काही नोंद आहे का, आणि स्टेटसशिवायचे माझे दिवस किती. अठरा पूर्ण व्हायच्या आधीचा काळ मोजत नाहीत आणि डाकाचा काळही मोजत नाहीत. मला अठरा पूर्ण झाली मार्च २०१२ मध्ये, डाका मिळालं जानेवारी २०१३ मध्ये. मधले दिवस १८० हून जास्त होते, म्हणजे एरवी देश सोडला असता तर मलाही तीन वर्षांची बंदी होती. पण २०१२ साली इमिग्रेशनच्या अपील मंडळाने एका भारतीय जोडप्याच्या, अराबल्ली आणि येराबेल्ली यांच्या प्रकरणात असं ठरवलं की ॲडव्हान्स परोल घेऊन बाहेर जाणं हे बंदी लागू होईल असं 'देश सोडणं' धरायचं नाही. आपल्याच देशातल्या कुणीतरी लढलेल्या खटल्यावर मी तिकीट काढू शकले, हे कळल्यावर मला फार धीर आला.

मग कागद. फॉर्म आय-१३१, म्हणजे परोलचा अर्ज, फी तेव्हा ५७५ डॉलर. डाकाच्या मंजुरीची नोटीस, कार्डाच्या प्रती, दोन फोटो, मी का जाते आणि कुठल्या तारखांना हे सांगणारं माझं पत्र, डॉक्टरांचं पत्र आणि आज्जीशी नातं सिद्ध करणारे दाखले. डॉक्टरांचं पत्र सगळ्यात महत्त्वाचं. आत्याने आधी डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवला, त्याने भागत नाही. लेटरहेडवर, इंग्रजीत, आजाराचं नाव, कधीपासून, पुढे काय अपेक्षित आहे, घरच्या माणसाने आत्ताच येणं का गरजेचं आहे, तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, एवढं सगळं त्यात हवं. तिकडे ओपीडीत दीडशे माणसं बसलेली असतात, डॉक्टरांना असं पत्र सुचणार कुठून? मीच मसुदा लिहून आत्याला व्हॉट्सॲप केला. डॉक्टरांनी वाचून त्यात दोन ओळी स्वतःच्या घातल्या आणि सही दिली.

नात्याचे कागद जास्त अवघड गेले. माझ्या जन्मदाखल्यावर बाबांचं नाव आहे, पण बाबांचा जन्म १९६६ चा, गावातला, नोंद सापडेना. त्या काळी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आपल्याकडे वडिलांचं नाव असायचं, आईचं नसायचं. म्हणजे आज्जी बाबांची आई आहे हे सांगणारा एकही सरकारी कागद नाही. आत्याने माळ्यावरच्या ट्रंकेतून जुनं रेशनकार्ड शोधून काढलं. घडीवर फाटलेलं, कव्हर पांढरं पडत आलेलं, आत निळ्या शाईत आजोबांच्या नावाखाली आज्जी 'पत्नी' आणि बाबा 'मुलगा', वय वर्षे अकरा. त्याला जोडून आत्याने शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं, पण त्यासाठी सरकारमान्य भाषांतरकार शोधायची गरज नाही. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाने 'हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, आणि मला दोन्ही भाषा येतात' असं लिहून नाव, पत्ता, सही, तारीख दिली की चालतं. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी ते केलं. आम्ही कागदाविना राहतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांनी काही विचारलं नाही, पण त्यानंतर गणपतीत आईजवळच येऊन बसायला लागल्या.

पासपोर्टही जिवंत हवा. माझा लहानपणीचा कधीच संपला होता आणि न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीतून नवा करून घ्यायला वेळ लागला. कामाचं कार्ड आणि मंजुरीची नोटीस जोडली होती. इचलकरंजीत आत्याच्या घरी पोलीस चौकशीलाही आले. परोलचा विचार दूरवर जरी असला तरी पासपोर्ट आजच करून ठेवा.

सप्टेंबरच्या शेवटी अर्ज गेला. पावती आली आणि नंतर शांतता. ऑनलाइन केसची स्थिती बघायची मला सवयच लागली, सकाळी दात घासताना, दुपारी जेवताना. आज्जी मधे एकदा अतिदक्षता विभागात गेली, तेव्हा वकिलाने तातडीची विनंती केली आणि डॉक्टरांचं ताजं पत्र जोडलं. (डॉक्टरांचं पत्र महिन्या-दोन महिन्यांनी नवं घेत राहा, जुनं झालं की त्याचं वजन कमी होतं.) प्राण कंठाशी आलेले असतील तर जवळच्या इमिग्रेशन ऑफिसात अपॉइंटमेंट घेऊन तातडीचा परोल मागता येतो, तोही पर्याय आम्ही हाताशी ठेवला होता. जानेवारीच्या मध्यावर पाकीट आलं. आत आय-५१२एल नावाचा परोलच्या मंजुरीचा कागद, माझा फोटो छापलेला, दोन प्रती. साधा कागद. यावर विमानात बसायचं हे मला खरंच वाटेना. जायच्या आधी मी डाकाचं नूतनीकरणही टाकून दिलं, कारण कार्ड जूनमध्ये संपत होतं.

तिकीट थेट मुंबईचं काढलं, साधारण १,३०० डॉलर पडले. युरोपातून जाणारं स्वस्त होतं, पण व्हिसा नसलेल्या भारतीय पासपोर्टला तिथल्या काही विमानतळांवर नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. परतीची तारीख कागदावरच्या शेवटच्या तारखेच्या बरीच आधीची ठेवली. विमान रद्द झालं, ताप आला, काहीही होऊ शकतं, आणि तारीख चुकली तर परतीचं दार बंद. निघायच्या रात्री बाबांनी बॅगेत खोबरेल तेलाची बाटली घातली. तिकडे मिळतं की, मी म्हणाले. ते म्हणाले, "तिच्या पायाला लाव रोज. तिला आवडतं."

घरी पोचले तेव्हा आज्जी पलंगावर बसली होती. तिने माझ्या मागे दाराकडे बघितलं. "त्याला कुठं ठेवून आलीस?" मी सांगितलं, बाबांना कागद नाहीत गं. "कागद न्हाईत म्हंजे? माझा ल्योक हाय त्यो." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

डायलिसिसच्या दिवशी पहाटे आम्ही मिरजेला जायचो. तिच्या डाव्या हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी, होती. त्यावर बोट ठेवलं की आत सतत गुरगुर जाणवायची. नर्सने मला ती तपासायला शिकवलं, ती थांबली तर लगेच सांगायचं. आज्जी त्या चार तासांत झोपायची किंवा मला माझ्या बाबांच्या लहानपणच्या खोड्या सांगायची. रात्री मी तिच्या पायाला तेल लावायचे आणि बाबा व्हिडिओ कॉलवर असायचे, तिकडे त्यांची कामाला जायची वेळ. "घोट्यापाशी दाबून बघ, खड्डा पडतोय का," ते विचारायचे. खड्डा पडत होता. मी कॅमेरा वर धरायचे.

परत येताना मुंबई विमानतळावर पहिला अडथळा आला. चेक-इनवरच्या मुलीने पासपोर्ट उलटसुलट केला आणि विचारलं, "व्हिसा कुठंय?" मी आय-५१२एल दिला. तिने तो कधी बघितला नव्हता. सुपरवायझर आले, त्यांनी कुणाला तरी फोन लावला. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने विमान कंपन्यांसाठी कागदपत्रांची मार्गदर्शिका काढलेली आहे, तिचं ते पान मी छापून नेलं होतं. ते दाखवलं, आणि आय-५१२एलवरचा मजकूरही बोट ठेवून वाचून दाखवला, की हा मूळ कागद दाखवल्यावर अधिकारी या व्यक्तीला आत घेऊ शकतात. बराच वेळ गेला, पण बोर्डिंग पास मिळाला. म्हणून सांगते, विमानतळावर नेहमीपेक्षा खूप लवकर जा आणि ते पान सोबत ठेवा.

नेवार्कला खिडकीवरच्या अधिकाऱ्याने कागद बघून मला आतल्या खोलीत पाठवलं. परोलवाल्यांना असं पाठवणं नेहमीचं आहे, घाबरू नका. तिथे फोन वापरू देत नाहीत, म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा की उशीर होईल, आणि वकिलाचा नंबर कागदावर लिहून जवळ ठेवा. आठवण ठेवायची ती मुख्य गोष्ट अशी, की परोल म्हणजे आत यायची खात्री नाही, शेवटचा निर्णय त्या खिडकीवर होतो. मला विचारलं, कुणाला भेटायला गेला होतात, कधी अटक झाली आहे का, काम कुठे करता. जेवढं विचारलं तेवढंच सांगितलं. आज्जीच्या इस्पितळाची कागदपत्रं जवळ होती, ती मागितली नाहीत. पासपोर्टवर परोलचा शिक्का बसला. बाहेर भाऊ उभा होता. आई-बाबा पार्किंगमध्ये गाडीत बसून होते, विमानतळाच्या आत यायचं त्यांना धाडस झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आय-९४, म्हणजे देशात आल्याची सरकारी नोंद, ऑनलाइन उघडून ती बरोबर आहे ना ते बघितलं. तुम्हीही बघा, आणि प्रतींचा एक संच वकिलाला द्या.

व्हिसाशिवाय सीमा ओलांडून आलेल्या डाकावाल्यांना या शिक्क्याचा आणखी एक उपयोग असतो. पुढे अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं तर 'कायदेशीररीत्या आत आले' हे दाखवता येतं. आपल्यापैकी जे व्हिसावर आले त्यांच्याकडे तो पुरावा आधीपासूनच असतो, तेव्हा जुना पासपोर्ट आणि जुनं आय-९४ जिवापाड जपा. नुसत्या शिक्क्यासाठी मात्र कुणी खोटं कारण देऊन जाऊ नये.

नूतनीकरण मे महिन्यात मंजूर झालं. १ एप्रिल २०२४ पासून फी वाढल्या. डाकाचं नूतनीकरण ऑनलाइन केलं तर ५५५ डॉलर, कागदावर ६०५, आणि आय-१३१ चे ६३०. ऑनलाइनच करा. मुदत संपायच्या १५० ते १२० दिवस आधी अर्ज गेलेला असावा.

ऑगस्टमध्ये आज्जी गेली. अग्नी आत्याच्या मुलाने दिला. बाबांनी इथे न्हाणीघरात स्वतःच्या हाताने केस काढले. तिसऱ्या दिवशी दुकानात गेले, कुणी विचारलं तर उकाडा आहे म्हणाले.

आणि मग २०२५ आलं. १७ जानेवारीला पाचव्या सर्किटच्या, म्हणजे टेक्सास ज्याच्या कक्षेत येतं त्या, अपील न्यायालयाने निकाल दिला, की हद्दपारीपासूनचं संरक्षण आणि कामाचा परवाना हे डाकाचे दोन भाग वेगळे काढता येतात, आणि डाकावरचा मनाईहुकूम टेक्सासपुरता ठेवला. म्हणजे कुठल्या राज्यात राहता यावर काम करता येणार की नाही हे ठरू शकतं. टेक्सासमधल्या मैत्रिणींची झोप उडाली आहे. तीनच दिवसांनी नवं सरकार आलं आणि शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळं इथे शक्यतो अटक करायची नाही हा जुना संकेत काढून टाकला. ५ फेब्रुवारीला लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला नेऊन उतरवलं, त्यात तिघे महाराष्ट्रातले. आत्याने टीव्हीवर बेड्या बघितल्या आणि आईला फोन करून रडली. ऑगस्टअखेर डाकावाल्यांना सरकारच्या विमा-बाजारातून (मार्केटप्लेस) घेता येणारा आरोग्य विमाही बंद झाला. तो आम्हाला जेमतेम नोव्हेंबर २०२४ पासून मिळू लागला होता.

तेव्हा आज मला कुणी विचारलं की ॲडव्हान्स परोलवर जाऊ का, तर मी सरळ 'जा' म्हणत नाही. माझा वकीलही आता, अगदी जिवावरचं कारण असेल तरच, असं सांगतो. मी गेले याचा मला क्षणभरही पश्चात्ताप नाही. पण मी गेले तेव्हाचे आणि आजचे धोके सारखे नाहीत, हे लपवून मी कुणाला धीर देणार नाही.

हे २०२५ च्या शेवटाला लिहिते आहे, तेव्हा आमच्या घरात असं आहे. भाऊ अजून अठराचा नाही. आई-बाबांना काही झालं तर त्याची जबाबदारी माझ्याकडे यावी, त्याची शाळा आणि औषधपाणी मला बघता यावं, असे कागद आम्ही वकिलाकडून करून घेतले. २०२९ मध्ये तो एकवीस वर्षांचा होईल आणि आई-बाबांसाठी अर्ज करू शकेल. ते व्हिसावर तपासणी होऊन आत आले होते, त्यामुळे देश न सोडता त्यांना ग्रीन कार्ड मिळण्याची वाट आजच्या कायद्यात आहे. बहिणीसाठीची रांग वेगळी असते, त्यात भारताचे सध्या २००६ च्या सुमाराला भरलेले अर्ज निघताहेत, आणि स्टेटस गेलेल्या माणसाला ती रांग संपली तरी इथे बसून ग्रीन कार्ड मिळत नाही. म्हणजे आई-बाबांना कागद मिळतील आणि मी दर दोन वर्षांनी अर्ज भरत राहीन, असंही होऊ शकतं. बाबांना हे सहन होत नाही. मला विचाराल तर ते आधी सुटावेत, हेच मला हवं आहे.

माझं पुढचं नूतनीकरण डिसेंबरअखेर टाकायचं आहे, ५५५ डॉलर बाजूला काढून ठेवलेत. डॉक्टरांच्या पत्राचा मसुदा, भाषांतराखाली लिहायचा मजकूर आणि नात्याच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना मी नावं काढून नीट टाइप करून ठेवलाय. ज्यांना लागेल त्यांनी निरोप ठेवा, पाठवते. तुमचं नाव किंवा गाव सांगायची गरज नाही.